ग्राउंड इन्स्ट्रक्टर आधी की फ्लाइट इन्स्ट्रक्टर? पुण्यातल्या एका नव्या पायलटला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. अमेरिकेत जाऊन तुम्ही एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान-नियामकाचं, कमर्शियल लायसन्स (पगारी उड्डाणाचा परवाना) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडवण्याची परवानगी) केलंत. लॉगबुकात अडीचशेच्या वर तास आहेत. आता कोथरूडला घरी बसून डीजीसीए कन्व्हर्जनचा, म्हणजे ते लायसन्स आपल्या नियामकाकडून भारतीय करून घेण्याचा, अभ्यास चालू आहे आणि एअरलाइनच्या जागांची वाट बघणंही. बॅचमेट सांगतो, ग्राउंड इन्स्ट्रक्टर (जमिनीवर थिअरी शिकवायचं कार्ड) नुसत्या लेखी परीक्षेवर मिळतं, ते काढून ठेव. मैत्रीण म्हणते, परत जा आणि सीएफआय (विमानात शिकवणाऱ्या फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं अमेरिकन सर्टिफिकेट) कर, तास वाढतील. आणि वडील म्हणतात, आता आणखी पैसे मागू नकोस, झालंय त्याचा आधी उपयोग कर. तर यातलं आधी काय करावं, कुठून करावं आणि त्याला इथे काही किंमत आहे का?

वडिलांचं म्हणणं तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला विचाराल तर खरा प्रश्न तिथेच आहे. इन्स्ट्रक्टर रेटिंग दोन कारणांसाठी केलं जातं: शिकवायला, नाहीतर तास जमवायला. दोन्हींत वाईट काही नाही, पण दोघांचे रस्ते वेगळे आहेत आणि देश बदलला की हिशोबही बदलतो.

मी स्वतः अमेरिकेत सीएफआय आणि त्यावर इन्स्ट्रुमेंटचं सीएफडबलआय केलं, तिथे शिकवलं, मग इथलं लायसन्स आणि इथलं इन्स्ट्रक्टर रेटिंग केलं. सध्या निम्मा वेळ विमानात उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या, सीटवर जातो आणि निम्मा पुण्यात फळ्यासमोर. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्याला माझ्या अनुभवाचा रंग आहे, तेवढं धरून वाचा.

आधी तासांचा हिशोब. अमेरिकेत इतके नवे पायलट इन्स्ट्रक्टर का होतात? २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. त्यानंतर काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून तिथल्या एअरलाइनमध्ये को-पायलटलाही एटीपी सर्टिफिकेट (सगळ्यात वरच्या दर्जाचा पायलट परवाना) लागू लागलं, म्हणजे सर्वसाधारणपणे १५०० तास. अडीचशेला कमर्शियल मिळालेल्या मुलाने मधले साडेबाराशे तास आणायचे कुठून? विद्यार्थी आपल्या पैशाने विमान उडवतो, शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरच्या लॉगबुकात पायलट-इन-कमांडचे तास पडतात, वर पगार. म्हणून तिथे सीएफआय ही जवळपास ठरलेलीच पायरी आहे.

आपल्याकडे ती पायरी तशी नाही. २०० तासांचं भारतीय सीपीएल (कमर्शियल लायसन्स) आणि त्यावर ए३२० किंवा एटीआर विमानाचं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान उडवण्याची परवानगी) असलेल्या पायलटला आपल्या एअरलाइन को-पायलट म्हणून घेतात. इथे अडतं ते तासांवर कमी आणि जागा निघण्यावर, प्रवेश परीक्षेवर आणि टाइप रेटिंगच्या पैशांवर जास्त. तुमची मैत्रीण अमेरिकेचं गणित पुण्यात सोडवतेय. तासांनी तुमचं नुकसान काहीच होणार नाही, पुढे एटीपीएलला (एटीपीसारख्याच भारतीय परवान्याला) ते लागणारच आहेत. पण ‘तास वाढले की नोकरी लागेल’ एवढ्याच भरवशावर काही हजार डॉलर घालणार असाल तर थांबा.

आता ग्राउंड इन्स्ट्रक्टर. बॅचमेट म्हणतो ते खरं आहे. एफएएच्या ग्राउंड इन्स्ट्रक्टरला ना मेडिकल लागतं, ना उड्डाणाचे तास, ना चेकराइड (परीक्षकासमोरची तोंडी आणि उड्डाणाची चाचणी). वय १८, इंग्रजी यायला हवं आणि लेखी परीक्षा पास. प्रकार तीन: बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड आणि इन्स्ट्रुमेंट. बेसिकच्या वाटेला जाण्यात फारसा अर्थ नाही. अ‍ॅडव्हान्स्ड असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग सोडून बाकी कुठल्याही सर्टिफिकेटची थिअरी शिकवता येते, तेव्हा घ्यायचंच तर तेच घ्यावं. त्याच्या जोडीला एफओआय नावाचा पेपर असतो. तो विमानाचा नाही, शिकवण्याचा आहे: माणूस शिकतो कसा, का अडतो, चाचणी कशी घ्यावी. पास व्हायला सगळीकडे ७० टक्के.

या पेपरांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, जी तिथल्या शाळा आपणहून सांगतीलच असं नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ग्राउंडचा पेपर आणि सीएफआयला लागणारा एफआयए हा पेपर, दोन्ही १०० प्रश्नांचे, आणि अभ्यास जवळजवळ एकच. एकदा तयारी झाली की एफओआय, अ‍ॅडव्हान्स्ड आणि एफआयए तिन्ही एका आठवड्यात उरकता येतात. शिवाय ग्राउंड इन्स्ट्रक्टर हातात असेल तर पुढे सीएफआय करताना एफओआयचा लेखी पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, मग मधे कितीही वर्षं जावोत. नुसते निकाल ठेवले तर ते २४ महिन्यांत शिळे होतात. म्हणून पुढे कधी कुठल्याही कारणाने अमेरिकेला जाणं झालं, तर हे तीन पेपर उरकून ग्राउंडचं कार्ड करूनच या. फक्त त्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका.

तिकीट काढू नका म्हणतोय कारण त्या कार्डाला भारतात कायद्याने जागा नाही. आपल्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये पायलटची लायसन्सं आहेत, असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर आणि फ्लाइट इन्स्ट्रक्टर ही रेटिंग आहेत, पण ग्राउंड इन्स्ट्रक्टर नावाचं वेगळं लायसन्स नाही. पुण्यातल्या, मुंबईतल्या किंवा दिल्लीला द्वारकेतल्या थिअरीच्या क्लासमध्ये शिकवायला तुम्हाला कोणी एफएएचं कार्ड मागणार नाही. ते विचारतील, तुमचे स्वतःचे डीजीसीएचे पेपर झालेत का, आणि गेल्या सत्रात तुमची किती मुलं नेव्हिगेशनमध्ये पास झाली. बायोडाटावर ती ओळ चांगली दिसते, आणि एफओआयच्या अभ्यासाने शिकवणं खरोखर सुधारतं. बस, इतकंच.

एफओआयची बरेच जण टिंगल करतात. मी करत नाही. त्यात शिकण्याचे सहा नियम आहेत, तीन थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाचे आणि तीन नंतर जोडलेले. पाठांतराला ते कंटाळवाणे आहेत, पण त्यातला एक रोज कामाला येतो: जे पहिल्यांदा शिकलं जातं ते घट्ट बसतं. विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात कोणी रडरवर (शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या पेडलवर) पाय नुसते टेकवून बसायला शिकवलं, की पुढे क्रॉसविंड लँडिंगला, म्हणजे आडव्या वाऱ्यात उतरताना, तो पाय हलतच नाही. मग आधी ती सवय काढा आणि नंतर नवी लावा, म्हणजे दुप्पट तास आणि दुप्पट पैसे, आणि ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी आईवडिलांनी जमीन किंवा घर तारण ठेवून आणलेले असतात.

फ्लाइट इन्स्ट्रक्टरकडे येऊ. एफएएचं सीएफआय करायला कमर्शियल आणि इन्स्ट्रुमेंट लागतं, ते तुमच्याकडे आहे. त्या प्रकारच्या विमानात १५ तास पायलट-इन-कमांड लागतात, तेही आहेत. वर दोन लेखी पेपर, स्पिनचं (विमान गरगरत खाली येण्याचं) प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्याचं एंडॉर्समेंट (लॉगबुकातली नोंद), इन्स्ट्रक्टरच्या सह्या आणि मग चेकराइड. पहिल्या सीएफआयची चेकराइड ही तिथल्या सगळ्या चाचण्यांत लांबलचक म्हणून ओळखली जाते. तोंडी परीक्षाच तासन् तास चालते. परीक्षक खुर्चीत रेलून बसतो आणि म्हणतो, मी तुझा विद्यार्थी, मला कळत नाही की वळताना नाक खाली का जातं, समजव. तुम्ही फळ्यावर लिफ्टचे बाण काढता, तो मुद्दाम चुकीचा प्रश्न विचारतो. तिथे ज्ञान कमी पडून नापास होणारे थोडे. पुष्कळ माहिती आहे पण ती एका धाग्यात सांगता येत नाही, असे नापास होणारे जास्त.

इन्स्ट्रुमेंट शिकवायचं असेल तर वर सीएफडबलआय, आणि दोन इंजिनांचं शिकवायचं असेल तर एमईआय. एमईआयला त्या विमानाचे १५ तास पायलट-इन-कमांड लागतात आणि दोन इंजिनांचं भाडं तुम्हाला माहीतच आहे. आत्ता त्याचा विचारही करू नका.

मुदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुण्यात राहून अमेरिकन कार्ड जिवंत ठेवायचं तर माहीत हवं. पूर्वी सीएफआयच्या कार्डावरच दोन वर्षांनंतरची तारीख छापलेली असायची. १ डिसेंबर २०२४ पासून ती तारीख छापणं बंद झालं. पण २४ महिन्यांत अलीकडचा अनुभव किंवा रिफ्रेशर दाखवायची अट तशीच आहे. ग्राउंड इन्स्ट्रक्टरचं कार्ड संपत नाही, मात्र गेल्या १२ महिन्यांत शिकवलेलं नसेल तर ताजेपणा सिद्ध केल्याशिवाय सही करता येत नाही. म्हणजे ‘काढून ठेवू, पडून राहील’ हे अर्धंच खरं.

आणि व्हिसा. सगळ्यात मोठा ‘परिस्थितीवर अवलंबून’ इथे आहे. एफ-१ व्हिसावर चालणाऱ्या काही मोजक्या संस्थांमध्ये अभ्यासक्रम संपल्यावर ओपीटीच्या (शिक्षणानंतर कामाच्या परवानगीच्या) काळात इन्स्ट्रक्टर म्हणून पगारी काम करता येतं. बहुतेक फ्लाइंग स्कूल एम-१ या व्यावसायिक प्रशिक्षणाच्या व्हिसावर चालतात, आणि त्यात कामाची वाट फार अरुंद आहे. तुमचं आधीचं प्रशिक्षण एम-१ वर झालं असणार असा माझा अंदाज. तसं असेल तर फक्त सीएफआय करून परत येण्याचा अर्थ असा की पैसे गेले, रेटिंग आलं, पण शिकवायला एकही विद्यार्थी मिळाला नाही. शिकवण्याचे तास नसलेला सीएफआय हा पोहण्याचं पुस्तक पाठ केलेल्या माणसासारखा. आणि ते कार्ड दाखवून बारामतीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये दुसऱ्या दिवशी विद्यार्थी मिळत नाही, कारण इथे शिकवायला आधी इथलं लायसन्स लागतं.

म्हणून भारतातला रस्ता. आधी भारतीय सीपीएल. परदेशी लायसन्सवाल्यांना रेग्युलेशनचा पेपर आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर, त्याशिवाय आरटीआर (रेडिओ वापरण्याचा परवाना), क्लास वन मेडिकल आणि ताज्या उड्डाण चाचण्या, हे तुम्ही करतच आहात. त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेत असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचा कोर्स आणि त्याच्या परीक्षा. या रेटिंगला आपण एएफआय म्हणतो. एएफआय वरिष्ठ इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवतो आणि विद्यार्थ्याचा पहिला सोलो (एकट्याचं उड्डाण) स्वतःच्या अधिकारात सोडू शकत नाही. शिकवण्याचा पुरेसा अनुभव साठला की पूर्ण फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग मिळतं. अमेरिकेत पहिल्या दिवसापासून सीएफआय स्वतःच्या सहीने सोलो सोडतो, म्हणून तिथून आलेल्यांना हा टप्पा अपमानासारखा वाटतो. मला तो योग्य वाटतो. कोणाला एकटं सोडायचं, हे ठरवताना शेजारी जुनं माणूस असलेलं बरं.

महाराष्ट्रात संधी कमी नाहीत. पुण्याहून सगळ्यात जवळ बारामती. त्यापलीकडे धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर, गोंदिया, सगळीकडे उड्डाण प्रशिक्षण चालतं. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं, तिथे आपल्यासारख्यांची सर्किट (धावपट्टीभोवती सरावाच्या फेऱ्या) मारायची सोय नाही. विद्यार्थी वाढलेत, विमानं वाढलीत, त्या मानाने इन्स्ट्रक्टर कमी, ही ओरड सगळीकडे ऐकू येते. इथे एएफआयला काम मिळणं एअरलाइनपेक्षा सोपं आहे, फक्त बारामती-धुळ्यात राहायची तयारी हवी. कोथरूडहून रोज जाऊन-येऊन ते जमणार नाही, कारण पहिलं विमान उजाडताच निघतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: एफएएचं ग्राउंड स्वस्त आणि सोपं, पण इथे त्याचा कायदेशीर उपयोग नाही. एफएएचं सीएफआय तिथे काम करायची परवानगी असेल तरच. नसेल तर आधी कन्व्हर्जन आणि मग इथलं एएफआय. आता ज्याच्याबद्दल तुम्ही एक अक्षर विचारलं नाहीत ते सांगतो, कारण इन्स्ट्रक्टर होणं अडतं ते तिथे.

पहिली गोष्ट, उजवी सीट. आजपर्यंत डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा थ्रॉटलवर (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर). आता उलट. हे हातांना दोन-चार उड्डाणांत जमतं. डोळ्यांना जास्त वेळ लागतो. उजवीकडे बसून तुम्ही इंजिनाच्या झाकणाच्या मध्यावरून धावपट्टीची सेंटरलाइन (मधली रेघ) बघायला लागलात की नजर तिरकी जाते आणि विमानाचं नाक नकळत उजवीकडे वळलेलं राहतं. टेकताना चाकं घासत बाजूला ओढल्यासारखी वाटतात ती त्यामुळे. उपाय एकच, आपल्या डोळ्यांच्या सरळ रेषेत झाकणावर एक बिंदू धरायचा आणि ती रेषाच सेंटरलाइनला समांतर ठेवायची. विमान जागेवर उभं असताना, इंजिन सुरू करायच्या आधी, पाच मिनिटं नुसतं बसून तो बिंदू शोधा. पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, पॅटर. विमान उडवता उडवता, हात काय करतोय ते विद्यार्थ्याला बोलून दाखवणं. ऐकायला सोपं वाटतं. स्टॉलचं, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचं, उदाहरण घ्या. थ्रॉटल मागे, नाक क्षितिजाच्या किंचित वर, उंची धरून ठेवायची, वेग पडतोय, कंट्रोल मऊ लागतायत, वॉर्निंग वाजली, बफे (विमानाची थरथर) आला, नाक पडलं, स्टिक पुढे, पॉवर, रडरने सरळ. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. नवा माणूस वेग पडत असतानाच्या पायरीवर सिद्धांत सांगायला बसतो, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत विमान स्टॉल होऊन बाहेरही आलेलं असतं. विद्यार्थ्याच्या लक्षात राहतो तो पोटात आलेला गोळा.

पॅटरचा नियम असा की शब्द हाताच्या किंचित आधी पडला पाहिजे. ‘आता पॉवर मागे घेतोय’ म्हणायचं आणि मग थ्रॉटल हलवायचा. विद्यार्थ्याचे डोळे शब्द ऐकून योग्य जागी पोचायला तेवढा वेळ लागतो. आणि जे जमिनीवर सांगता येतं ते हवेत सांगायचं नाही. स्टॉल का होतो हे ब्रीफिंगमध्ये, फळ्यावर. हवेत फक्त ‘हे बघ, हे ऐक, हे हाताला लागतंय का?’ मी नव्या एएफआयना पॅटर लिहून काढायला लावतो, मग घरात खुर्चीवर बसून हातांच्या हालचालींसकट मोठ्याने म्हणायला लावतो. घरचे हसतात. हसू द्या. कागदावर दहा ओळींचं असलेलं हवेत सहा ओळींचं व्हायला हवं.

तिसरी, आणि माझ्या मते इन्स्ट्रक्टर घडतो ती गोष्ट: विमान हातात कधी घ्यायचं. लँडिंगला विद्यार्थी लवकर फ्लेअर करतो (टेकण्याआधी नाक उचलतो), पंधरा-वीस फुटांवर. विमान तरंगतं, वेग पडतो, स्टॉल वॉर्निंग किणकिणायला लागते. तुमच्याकडे काही क्षण आहेत. लगेच हिसकावलंत तर तो शिकला नाही, आणि पुढच्या वेळी तो तुमच्या हाताची वाट बघेल. उशीर केलात तर विमान आपटेल. मी तीन टप्पे आधीच ठरवून ठेवतो. पहिला आवाज: ‘पॉवर’. एकच शब्द, शांतपणे. त्याने हालचाल केली नाही तर दुसरा: माझा डावा हात थ्रॉटलवर, त्याच्या हातावरूनच, हवी तेवढी पॉवर. तरीही नाक पडायला लागलं किंवा विमान सेंटरलाइन सोडायला लागलं तर तिसरा: ‘आय हॅव कंट्रोल’, गो-अराउंड (न उतरता पुन्हा चढणं), आणि वर जाऊन सर्किटमध्ये सरळ उडत असताना त्याला परत ‘यू हॅव कंट्रोल’. त्यानेही ते शब्द उच्चारून घेतलं पाहिजे. दोघांच्याही हातात विमान किंवा कोणाच्याच हातात नाही, या दोन्ही अवस्था सारख्याच वाईट.

हे टप्पे उड्डाणाआधी विद्यार्थ्याला सांगून ठेवायचे असतात. ‘मी कंट्रोल घेतलं म्हणजे तू नापास झालास असं नाही’ हे वाक्य ब्रीफिंगमध्ये बोलून दाखवल्याशिवाय मी कोणाला घेऊन सर्किटला जात नाही. आपल्याकडची मुलं ‘सर रागावले’ एवढंच मनात घेऊन उतरतात आणि डेब्रिफमध्ये माना डोलावतात.

आता तुमच्या हातात आज काय आहे? शिकवणं. त्याला रेटिंग लागत नाही. कन्व्हर्जनचा अभ्यास चालूच आहे, तर पुण्यातल्या एखाद्या क्लासमध्ये आठवड्याला दोन तास एखादा विषय घ्या, किंवा बारावी झालेल्या दोन-तीन मुलांना घरी बसवून शिकवा. पैसे थोडे मिळतील, घरीही दाखवता येतील. नेव्हिगेशन घेऊ नका, ते शिकवण्यापेक्षा सोडवून घेण्याचं काम आहे. मेटिऑरॉलॉजी किंवा टेक्निकल जनरल घ्या.

कसं शिकवायचं याचा एक नमुना देतो. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची. बहुतेक क्लासमध्ये सूत्र फळ्यावर येतं, मुलं उतरवून घेतात, प्रश्नसंचातली दोन उत्तरं पाठ होतात. मी सूत्र शेवटी सांगतो. आधी विचारतो, लोहगाव समुद्रसपाटीपासून किती उंच? सुमारे १९०० फूट. प्रमाण वातावरणात तिथे तापमान ११ अंशांच्या आसपास हवं. एप्रिलच्या दुपारी किती असतं? मागच्या बाकावरून आवाज येतो, ४०. फरक २९ अंश. दर अंशाला १२० फूट धरा, ३४८० फूट झाले. १९०० मध्ये मिळवा, सुमारे ५४०० फूट. मग विचारतो, कळसूबाईचं शिखर किती उंच? १६४६ मीटर, म्हणजे फुटांत जवळपास तेच ५४००. दुपारी दोनला लोहगावला उभं असलेलं विमान कळसूबाईच्या माथ्यावर उभं असल्यासारखं उडणार. धावपट्टी जास्त लागेल, चढ कमी मिळेल, आणि हवेतला वेग काट्यावर तोच असला तरी जमिनीवरचा वेग जास्त असेल. इतकं झालं की सूत्र मुलं स्वतःच मांडतात.

मेटिऑरॉलॉजीलाही तेच. थंडरस्टॉर्मच्या तीन अवस्था पाठ करून घेण्याआधी विचारा, वळवाचा पाऊस यायच्या आधी काय होतं? सगळ्यांना माहीत असतं: संध्याकाळी आभाळ काळं होतं, अचानक गार वारा सुटतो, धूळ उडते, दारं आपटतात आणि पाऊस मागून येतो. तो गार वारा म्हणजे ढगातून खाली कोसळलेली हवा, जमिनीवर आपटून सगळीकडे पसरलेली. आता त्या वाऱ्यात तुम्ही फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) आहात अशी कल्पना करा. समोरून वारा वाढला म्हणून तुम्ही पॉवर कमी केलीत, आणि पलीकडे तोच वारा पाठीमागून. विंडशिअर, म्हणजे वाऱ्याचा असा अचानक बदल, समजावायला लातूरच्या किंवा जुन्नरच्या मुलाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. परीक्षा इंग्रजीत आहे, तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेवा, पण समजावताना मराठीची लाज बाळगू नका. ज्याला मराठीत कळलंय त्याला इंग्रजीत लिहिता येतं. उलटं होताना मी फारसं बघितलेलं नाही.

असे काही महिने गेले की एक गोष्ट तुम्हाला आपोआप कळेल: तुम्हाला शिकवायला आवडतं की नाही. आवडत नसेल तर एएफआयच्या वाटेला जाऊ नका, पैसे टाइप रेटिंगसाठी राखून ठेवा आणि एअरलाइनच्या परीक्षेची तयारी करा, त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारणाऱ्या मुलावर वैतागणारा इन्स्ट्रक्टर जमिनीवर फक्त त्रासदायक असतो, हवेत तो धोकादायक असतो.

आवडलं, तर क्रम असा: कन्व्हर्जन पूर्ण करा, मग एएफआयसाठी संस्था शोधा. संस्थेला विचारताना फी सर्वात शेवटी विचारा. आधी बघा की त्यांची किती विमानं प्रत्यक्ष उडतायत आणि किती हँगरमध्ये सुट्या भागांची वाट बघतायत. तुम्हाला कोर्स देणारा वरिष्ठ इन्स्ट्रक्टर तिथे कायम आहे की पाहुणा. कोर्स संपल्यावर नोकरी देणार असतील तर बॉन्ड किती वर्षांचा आणि मधे एअरलाइनचं बोलावणं आलं तर सुटायची अट काय, हे लेखी घ्या. महिन्याला किमान किती तास शिकवायला मिळतील हेही लेखी. तोंडी ‘भरपूर मिळतात हो’ याला काही अर्थ नसतो. आणि सध्या शिकत असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी कँटीनमध्ये बोला, ऑफिसमध्ये नाही.

कोर्स पावसाळ्यात सुरू करू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग खाली असतात, उड्डाणं रद्द होतात आणि पॅटर दोन उड्डाणांच्या मधल्या दहा दिवसांत विसरायला होतो. ऑक्टोबरपासून हवा उघडते. तोपर्यंत तुमचे कन्व्हर्जनचे पेपर व्हायला हवेत, आणि क्लासमधल्या मुलांचे पण. वडिलांना हा हिशोब दाखवा: ऑक्टोबरपर्यंत कन्व्हर्जनच्या ठरलेल्या खर्चापलीकडे नवा खर्च नाही.